अमेरिकेत मुलाचा कान ठणकला तर : नव्याने आलेल्या आईबाबांसाठी

लहान मूल घेऊन अमेरिकेत आलात आणि ते डेकेअरला जायला लागलं, की पहिल्याच हिवाळ्यात सर्दी आणि सर्दीच्या मागोमाग कान हे ठरलेलं. यात तुमचं काही चुकत नाही. तीन वर्षांचं होईपर्यंत सहापैकी पाच मुलांना एकदा तरी कानाचं इन्फेक्शन होतं, असं इथली सरकारी आरोग्य संस्थाच सांगते. लहान मुलांची घसा आणि मधला कान जोडणारी नळी आखूड आणि आडवी असते. सर्दीत ती सुजून बंद होते, पडद्यामागे पाणी साचतं, त्यात जंतू वाढले की पू होतो आणि मूल रात्री दोनला किंचाळत उठतं.

मी न्यू जर्सीत राहते. दोन मुलांच्या कानांपायी इथल्या दवाखान्यांचे बरेच उंबरे झिजवून झालेत. नवीन कुणी आलं की व्हॉट्सॲपवर तेच तेच लिहावं लागतं, म्हणून एकदाचं सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. कानाच्या इन्फेक्शनला रक्ततपासणी नाही, एक्सरे नाही. डॉक्टर कानात दिवा घालून बघतात आणि ठरवतात. रडणारं, हातपाय झाडणारं मूल, कानात मळ, हातात दोन-तीन सेकंद. अशा ठिकाणी समोर कोण बसलंय याचा परिणाम निर्णयावर होतो, आणि अमेरिकेत तो मोजला गेला आहे. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयाशी जोडलेल्या २५ दवाखान्यांतल्या सुमारे १३ लाख भेटींचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच डॉक्टरकडे आलेल्या मुलांची तुलना केली तरी कृष्णवर्णीय मुलांना कानाच्या इन्फेक्शनचं निदान ८.७ टक्के वेळा मिळालं आणि बाकीच्यांना १०.७ टक्के. अँटिबायोटिक मिळण्याचं प्रमाण २३.५ आणि २९ टक्के. पुढच्या वर्षी देशभरातल्या २००८ ते २०१० च्या आकडेवारीवरचा अभ्यास आला. त्यातही हेच निदान कृष्णवर्णीय मुलांच्या ७ टक्के भेटींत आणि इतरांच्या १० टक्के भेटींत झालं होतं.

हे वाचून पटकन वाटतं, म्हणजे कृष्णवर्णीय मुलांचे कान दुर्लक्षिले जातात. काहींचे जातही असतील. पण याच अभ्यासातला पुढचा आकडा बघा. निदान होऊन अँटिबायोटिक दिलेल्या मुलांपैकी, कृष्णवर्णीय मुलांना जास्त जंतूंवर चालणारी भारी औषधं ४२ टक्के वेळा मिळाली, इतरांना ५२ टक्के. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की बहुतेकांना साधं अमॉक्सिसिलिनच आधी द्यावं. म्हणजे औषधाच्या निवडीत नियमाच्या जवळ कृष्णवर्णीय मुलं आहेत, आणि बाकीच्यांना नको ते निदान, नको ते औषध मिळत असण्याची शंका खुद्द संशोधकांनीच बोलून दाखवली आहे. एकाला कमी आणि दुसऱ्याला जास्त, आणि दोघांच्याही कानात नक्की काय होतं ते गुलदस्त्यातच.

आपली मुलं यात कुठे? दोन्ही अभ्यासांत कृष्णवर्णीय एकीकडे आणि उरलेले सगळे दुसरीकडे अशी विभागणी आहे. भारतीय मुलं त्या 'उरलेल्यां'मध्ये मिसळून गेली आहेत. त्यामुळे आपल्याला काय मिळेल याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा प्रत्येक वेळी कानात काय दिसलं ते विचारायचं. या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं काय असं विचाराल तर हेच: औषध मागू नका, कानात काय दिसलं ते मागा.

हाताशी काय हवं

- इन्शुरन्स कार्ड, दोन्ही बाजूंचे फोटो फोनमध्ये.
- लसीकरणाची नोंद, तारखांसकट, इंग्रजीत टाइप केलेली. भारतातल्या सरकारी कार्यक्रमात न्यूमोकॉकल लशीचे तीन डोस असतात, इथे चार (२, ४, ६ आणि १२ ते १५ महिने). कानाच्या जंतूंपैकी एकाविरुद्धची लस हीच, म्हणून ती राहिली असेल तर आधी ती पूर्ण करा. फ्लूची लस दरवर्षी, सहा महिन्यांपासून.
- आधी दिलेल्या अँटिबायोटिकची यादी, तारखेसह. गेल्या ३० दिवसांत अमॉक्सिसिलिन दिलं असेल तर डॉक्टर वेगळं औषध निवडतात.
- मुलाचं ताजं वजन, किलो आणि पाउंड दोन्हीत.
- डिजिटल थर्मामीटर आणि मिलिलिटरच्या खुणा असलेली तोंडाने औषध द्यायची सिरिंज. फार्मसीत मागितली तर बहुतेक वेळा फुकट देतात.
- आजी-आजोबा मुलाला नेणार असतील तर आईबाबांच्या सहीचं संमतिपत्र. ते दवाखान्यात आधीच देऊन ठेवा. ऐनवेळी यावरून हमखास अडतं.

पायरी १ : मूल बरं असतानाच डॉक्टर ठरवा

आल्या आल्या इन्शुरन्सच्या यादीतला पेडिॲट्रिशियन (बालरोगतज्ज्ञ) निवडा आणि एक साधी तपासणी करून घ्या. ओळखीच्या डॉक्टरकडे मुलाचा बरा असतानाचा कान पाहिलेला असतो, याचा फायदा पुढे कळतो. फोन करताना दोन प्रश्न विचारा: आजारी मुलाला त्याच दिवशी बघता का, आणि रात्री फोन केला तर नर्स बोलते का. दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर घरापासून थोडं लांब असलं तरी चालेल.

पायरी २ : रात्रीचा ठणका

कानाचं दुखणं रात्री आडवं झाल्यावर वाढतं. आधी दुखणं कमी करा, निदान सकाळी होईल. इथलं मुलांचं टायलेनॉल म्हणजे आपलं पॅरासिटामॉलच, पण ते ५ मिलिलिटरमध्ये १६० मिलिग्रॅम असतं. भारतातून आणलेल्या बाटलीत १२० असतं किंवा २५०, बाटलीवर अवलंबून. एका देशातला डोस दुसऱ्या देशाच्या बाटलीतून मोजणं हा नव्याने आलेल्यांचा पहिला सापळा. डोस वजनावर ठरतो आणि तो आधीच डॉक्टरांकडून लिहून घेतला तर रात्री डोकं चालवावं लागत नाही. आयब्युप्रोफेन सहा महिन्यांच्या आत द्यायचं नाही.

आता आपल्याकडचे उपाय. तव्यावर भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी बाहेरून, कोमट करून, मोठ्या मुलाच्या कानाशी धरली तर हरकत नाही. पण लसणीचं गरम तेल कानात घालू नका. पडदा फुटला असेल तर तेल थेट आत जातं, आणि नसेल तरी सकाळी डॉक्टरांना तेलापलीकडचं काही दिसत नाही. आजी फोनवर कितीही म्हणाल्या तरी नाही. इअरबडसुद्धा नको, त्याने मळ आत ढकलला जातो.

दुसरा सापळा सूटकेसमध्ये असतो. भारतातून निघताना आपण अँटिबायोटिकचं कोरडं सिरप 'असू दे' म्हणून आणतो आणि रात्री एक डोस देऊन बघतो. त्याने चित्र अर्धवट बदलतं, आणि सकाळी डॉक्टरांना काय दिसतंय त्याचा अर्थ लागत नाही. दिलंच असेल तर लपवू नका, नाव आणि वेळ सांगा.

ताप कसा मोजला हेही लक्षात ठेवा. २०२२ मध्ये रुग्णालयात दाखल प्रौढांचा एक अभ्यास आला. कपाळावरच्या थर्मामीटरने कृष्णवर्णीय रुग्णांचा ताप तोंडातल्या थर्मामीटरच्या तुलनेत कमी वेळा पकडला, असं त्यात दिसलं. मुलांचा तो अभ्यास नव्हे, पण अगदी लहान बाळाचा ताप गुदद्वारातून मोजलेलाच सगळ्यात भरवशाचा धरतात. डॉक्टरांना आकडा सांगताना तो कुठून मोजला तेही सांगा, आणि फॅरेनहाइटमध्ये सांगा. ३९ सेल्सियस म्हणजे १०२.२.

पायरी ३ : कुठे जायचं

ताप असूनही मूल मध्येच खेळतंय, पाणी पितंय, तर सकाळपर्यंत थांबून आपल्या पेडिॲट्रिशियनकडे. शनिवार-रविवारी अर्जंट केअर (तातडीच्या पण जिवावरच्या नसलेल्या दुखण्यांचा दवाखाना), शक्यतो फक्त मुलांचं.

थेट ईआरला, म्हणजे रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात, जायचं ते अशा वेळी: तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि ताप १००.४ किंवा जास्त, कानामागे सूज किंवा लाली येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसतोय, चेहऱ्याची एक बाजू उतरली आहे, मान ताठ झाली आहे, किंवा मूल जागं होत नाही. इथे बिलाचा विचार करू नका. बाकी वेळी जरूर करा, कारण कानासाठी ईआरचं बिल आलं की आठवडाभर आपलेच कान वाजतात.

कानातून पू आला तर घाबरायला होतं, पण पडदा फुटल्यावर दाब सुटतो आणि दुखणं बरेचदा कमी होतं. पडदा सहसा आपोआप भरून येतो. डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा, एवढंच.

पायरी ४ : तो फॉर्म

दवाखान्यात टॅबलेटवर एक फॉर्म देतात. त्यात 'रेस' आणि 'एथ्निसिटी' विचारतात. घाईत आपली माणसं 'अमेरिकन इंडियन' वर टिचकी मारतात. तो रकाना इथल्या मूळ रहिवाशांचा आहे. आपण 'एशियन', आणि पुढे यादी असेल तर 'एशियन इंडियन'. हिस्पॅनिक आहात का, याला 'नाही'. उत्तर द्यायचं नसेल तर तसाही पर्याय असतो. मी भरते. वर दिलेले अभ्यास याच रकान्यांमुळे होऊ शकले, आणि आपली मुलं उद्या 'उरलेल्यां'मधून वेगळी दिसायची असतील तर कुणीतरी तो रकाना भरायला हवा.

इंग्रजी अवघड जात असेल, विशेषतः आजी-आजोबांना, तर दुभाषी मागा. सरकारी निधी घेणाऱ्या दवाखान्यांना तो मोफत द्यावा लागतो. फोनवर मराठी दुभाषी मिळू शकतो. हिंदीवर भागवून नेण्याआधी मराठी आहे का ते विचारा. सात-आठ वर्षांच्या ताईला धाकट्यासाठी भाषांतर करायला बसवू नका. नियमही तेच सांगतो.

पायरी ५ : डॉक्टरांना काय सांगायचं

सर्दी कधी सुरू झाली, दुखणं किती तासांचं, ताप किती आणि कसा मोजला, शेवटचं औषध कोणतं आणि कधी, गेल्या वर्षात कानाचं इन्फेक्शन किती वेळा. एवढं फोनमध्ये लिहून ठेवा आणि वाचून दाखवा. 'कान ओढतोय' एवढ्याने काही कळत नाही, दात येतानाही मुलं कान ओढतात.

सांगायचं नाही ते म्हणजे: 'मागच्या वेळी अँटिबायोटिकनेच बरं वाटलं होतं.' हे वाक्य डॉक्टरांच्या कानात 'अँटिबायोटिक द्या' असं पडतं. १९९९ मध्ये लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी दाखवलं होतं, की पालकांना अँटिबायोटिक हवं आहे असं डॉक्टरांना वाटलं तर विषाणूजन्य आजारातही त्यांनी ते ६२ टक्के वेळा दिलं, आणि तसं वाटलं नाही तेव्हा ७ टक्के. पुढे त्याच परिसरातल्या अभ्यासात आशियाई आणि लॅटिनो पालकांना अँटिबायोटिकची गरज गोऱ्या पालकांपेक्षा जास्त वेळा वाटते असंही दिसलं. म्हणजे आपल्यासारखे दिसणारे आईबाप खोलीत शिरले की 'यांना औषध हवंय' हा ग्रह आधीच तयार असू शकतो. तो सरळ मोडून काढा. मी म्हणते, "मला औषध हवंच असं नाही. कान नीट बघून काय आहे ते सांगा." इंग्रजीत पाठ करून ठेवा, ऐनवेळी सुचत नाही.

पेनिसिलिनची ॲलर्जी विचारतील (अमॉक्सिसिलिन त्याच कुटुंबातलं). लहानपणी एकदा औषध चालू असताना अंगावर पुरळ आलं होतं, म्हणून पटकन 'हो' म्हणू नका. नक्की काय झालं होतं ते सांगा: पुरळ किती दिवसांनी आलं, सूज होती का, श्वासाला त्रास झाला का. ॲलर्जीचा शिक्का एकदा फाइलवर बसला की साधं औषध बाद होतं आणि दर वेळी भारी औषध मिळतं. तपासणी केल्यावर बहुतेकांना ॲलर्जी नसल्याचंच निघतं.

पायरी ६ : कान खरंच पाहिला गेला का

सगळं इथे ठरतं, म्हणून सावकाश वाचा.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१३ ची मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहे. इन्फेक्शन म्हणायचं तर पडदा बऱ्यापैकी फुगून बाहेर आलेला हवा, किंवा बाहेरच्या कानाच्या आजाराने नव्हे तर आतून नव्याने पू आलेला हवा. पडदा थोडासाच फुगलेला असेल तर त्यासोबत ४८ तासांच्या आतलं नवं दुखणं किंवा पडद्याची गडद लाली हवी. आणि पडद्यामागे पाणी नसेल तर हे निदान करूच नये.

नुसती लाली पुरत नाही. रडणाऱ्या मुलाचा पडदा लाल होतो, तापातही होतो.

पडद्यामागे पाणी आहे की नाही हे कळतं कसं? ज्या दिव्याने बघतात त्याला एक छोटा रबरी फुगा जोडता येतो. डॉक्टर तो हलकेच दाबतात, कानात हवेची झुळूक जाते. निरोगी पडदा आत-बाहेर हलतो. मागे पाणी असेल तर जेमतेम हलतो किंवा हलतच नाही. मुलाला हे आवडत नाही, पण काम काही सेकंदांचं आहे. फुगा नसेल तर टिम्पॅनोमेट्री नावाची तपासणी असते. कानाशी एक लहानसं बोंड धरलं की यंत्र कागदावर रेघ काढून देतं: उंच टोक आलं तर पडदा हलतोय, सपाट रेघ आली तर मागे पाणी असण्याची शक्यता. आणि कानात मळ असेल तर तो काढल्याशिवाय पडदा दिसतच नाही. मळामागचा कान न बघताच 'ठीक आहे' म्हटलं तर ते निदान नव्हे.

आमच्या डेकेअरमधली गोष्ट सांगते. माझी मुलगी आणि तिच्याच वर्गातला एक मुलगा एकाच आठवड्यात आजारी पडले. त्याची आई कृष्णवर्णीय, जन्मापासून न्यू जर्सीतली, इंग्रजी माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगलं. दोघी एकाच अर्जंट केअरला गेलो, वेगवेगळ्या दिवशी. माझ्या मुलीच्या कानात क्षणभर दिवा गेला, "थोडं लाल दिसतंय", आणि भारी अँटिबायोटिकची चिठ्ठी हातात. दुसऱ्या सकाळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रबरी फुगा लावून पाहिलं, तर पडदा छान हलत होता. त्या मुलाच्या कानात मळ होता. तो तसाच ठेवून "व्हायरल आहे, टायलेनॉल द्या" म्हणून घरी पाठवलं. दोन दिवसांनी त्याच्या उशीवर पू. डॉक्टर वेगळे होते, मुलं वेगळी होती, एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. पण आम्ही दोघी पार्किंगमध्ये उभ्या राहून बोललो तेव्हा एक गोष्ट सारखी निघाली: दोन्ही कान कुणी नीट पाहिलेच नव्हते. तिला मात्र आणखी एक ओझं होतं. जास्त प्रश्न विचारले तर आपल्याला 'भांडखोर' म्हणतील, असं तिला खोलीत वाटत राहिलं. मला तसं वाटलं नव्हतं.

तर खोलीत हे विचारा:

"पडदा दिसला का, की मळ आडवा आला?"
"फुगलेला आहे का, की फक्त लाल आहे?"
"मागे पाणी आहे का? हलवून पाहिलात?"
"दोन्ही कानांत आहे का?"

शेवटचा प्रश्न दोन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी महत्त्वाचा, कारण औषध द्यायचं की नाही हे त्यावर ठरतं. प्रश्न शांतपणे विचारा, पण विचारा. चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही. एकदा एका डॉक्टरांनी तर मला कॅमेऱ्याच्या दिव्यातून पडदा स्क्रीनवर दाखवला: मोतिया राखाडी, अर्धपारदर्शक. तो एकदा पाहिला की फुगलेला पडदा वेगळा सांगावा लागत नाही.

मुलाला धरायची पद्धतही शिकून घ्या. मांडीवर आडवं बसवून एका हाताने त्याचं डोकं आपल्या छातीशी, दुसऱ्याने दोन्ही हात. मूल स्थिर राहिलं तर डॉक्टरांना दोन सेकंदांऐवजी दहा मिळतात.

पायरी ७ : औषध की थांबून बघायचं

दुखणं जोराचं, ताप १०२.२ किंवा जास्त, किंवा दुखणं दोन दिवसांहून जुनं असेल तर औषध. दोन वर्षांच्या आतल्या मुलाच्या दोन्ही कानांत असेल तरी औषध. दोन वर्षांच्या आतल्या मुलाच्या एकाच कानात आणि सौम्य असेल, किंवा दोन वर्षांवरच्या मुलाला सौम्य असेल, तर दोन-तीन दिवस दुखण्याचं औषध देऊन थांबता येतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला हा हिशेब लागू नाही.

थांबायचं ठरलं तर विचारा: बरं वाटलं नाही तर कुणाला, कधी फोन करायचा? चिठ्ठी आत्ताच देऊन ठेवाल का? थांबून बघणं हा चांगला मार्ग आहे, पण ज्याला पुन्हा सुट्टी काढून येता येतं त्याच्यासाठी. तासावर पगार मिळणाऱ्या, गाडी नसलेल्या आईला 'परवा या' म्हणणं म्हणजे बरेचदा 'येऊ नका' म्हणणं. तुमची तशी अडचण असेल तर तोंडाने सांगा. डॉक्टरांना ती तुमच्या चेहऱ्यावर दिसत नाही.

अमॉक्सिसिलिनचा डोस इथे किलोमागे दिवसाला ८० ते ९० मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून. १० किलोच्या मुलाला, ५ मिलिलिटरमध्ये ४०० मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून, सकाळ-संध्याकाळ ५ मिलिलिटर, साधारण तेवढं. कानाच्या इन्फेक्शनसाठी एवढाच लागतो, आकडा पाहून कमी करू नका. दोन वर्षांच्या आत किंवा त्रास जोराचा असेल तर १० दिवस, नाहीतर दोन ते पाच वर्षं ७ दिवस, त्यावर ५ ते ७. घरातल्या चमच्याने मोजू नका. उरलेलं औषध पुढच्या वेळेसाठी ठेवू नका, पाणी घातलेलं सिरप दोन आठवड्यांत टाकायचं असतं.

पायरी ८ : घरी आल्यावर नोट वाचा

२०२१ पासून डॉक्टरांनी लिहिलेली नोट रुग्णाला दवाखान्याच्या पोर्टलवर (ऑनलाइन खात्यात) विनाविलंब आणि मोफत दिसावी असा नियम आहे. वाचाच. 'टीएम' म्हणजे कानाचा पडदा. 'बल्जिंग' म्हणजे फुगलेला, 'इफ्यूजन' म्हणजे मागे पाणी, 'मोबिलिटी' म्हणजे हलणं. 'एओएम' हे तीव्र इन्फेक्शन, 'ओएमई' म्हणजे पाणी आहे पण इन्फेक्शन नाही, त्याला अँटिबायोटिक लागत नाही.

निदान 'एओएम' आणि तपासणीत नुसतं 'लाल' असेल, किंवा मळ काढलाच नाही तरी 'टीएम नॉर्मल' असेल, तर पोर्टलवरून दोन ओळींचा संदेश पाठवून विचारा. लेखी प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं आणि ते फाइलमध्ये राहतं.

पायरी ९ : पटलं नाही तर

आधी त्याच दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. मोठ्या रुग्णालयात 'पेशंट ॲडव्होकेट', म्हणजे रुग्णांच्या अडचणी ऐकणारे कर्मचारी असतात, त्यांच्याशी बोला. वर्ण, मूळ देश किंवा भाषेमुळे वेगळी वागणूक मिळाली असं वाटलं तर केंद्रीय आरोग्य खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे १८० दिवसांच्या आत ऑनलाइन तक्रार करता येते. वकील लागत नाही, फी नाही. १९६४ चा नागरी हक्क कायदा 'नागरिक' म्हणत नाही, 'व्यक्ती' म्हणतो, त्यामुळे एच-४ वर (नोकरीसाठी आलेल्या जोडीदाराबरोबरच्या व्हिसावर) असलात तरी तो तुम्हाला लागू आहे. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. महिनाभराने आठवत नाही.

पायरी १० : कान बरा झाला, ऐकू येतंय का?

इन्फेक्शन गेल्यावरही पाणी काही आठवडे राहतं. तीन महिने राहिलं तर श्रवणचाचणी हवी. सहा महिन्यांत तीन, किंवा वर्षात चार वेळा इन्फेक्शन झालं आणि त्यातलं एक गेल्या सहा महिन्यांतलं असेल, तर पडद्यात छोटी नळी बसवण्याचा विषय निघतो. इथेही तीच दरी आहे: २०१४ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात गोऱ्या मुलांपैकी १२.६ टक्के मुलांना अशी नळी बसवलेली होती, कृष्णवर्णीय मुलांत ४.८ आणि हिस्पॅनिक मुलांत ४.४ टक्के. यात कुणाला गरज नसताना बसली आणि कुणाला हवी असून मिळाली नाही, हे एकेका मुलाची मोजणी आणि चाचणी पाहूनच कळतं. म्हणून तारखांची यादी तुमच्याकडे हवी.

आपल्या घरांतला शेवटचा सापळा असा. मूल उशिरा बोलतंय असं म्हणालात की कुणीतरी म्हणतं, "घरी दुसरी भाषा बोलता ना, म्हणून असेल." डेकेअरवाले म्हणतात, कधी नर्सही म्हणते. दोन भाषांमुळे बोलणं उशिरा येत नाही. पण कानात महिनोन्महिने पाणी असलेल्या मुलाला शब्द धूसर ऐकू येतात, मराठीही आणि इंग्रजीही. असं कुणी म्हणालं तर आधी ऑडिओलॉजिस्टकडच्या (श्रवणतज्ज्ञाकडच्या) श्रवणचाचणीची चिठ्ठी डॉक्टरांकडे मागा. मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर राज्याच्या 'अर्ली इंटरव्हेन्शन' कार्यक्रमाला (विकासात मागे पडणाऱ्या लहान मुलांना मदत करणाऱ्या) तुम्ही स्वतः फोन करू शकता, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही आणि मूल्यमापन मोफत असतं. फोनवर सांगा की मूल घरी मराठी बोलतं आणि मूल्यमापन मराठीतूनही व्हावं. तीन वर्षांवरचं असेल तर मूल्यमापनाचा अर्ज तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टकडे (भागातल्या सरकारी शाळांच्या कार्यालयाकडे) लेखी द्या आणि पोहोच घ्या.